पांढऱ्या मडगार्डवाला देवचंद

देवचंद माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते माझ्या पाठीशी.

रविवारची सकाळ होती. बिरसीच्या विमानतळाकडून गोंदियाला येणाऱ्या रस्त्यावर आमचा सायकल ग्रुप परत निघाला होता आणि मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे धापा टाकत होतो. एवढ्यात मागून आवाज आला, "ओ बाबूजी, तुमाले कोनी मांगून पाह्यला आहे का?"

मी दचकलो, हँडल डगमगलं. एक काळी, बावीस इंची, जुनी सायकल माझ्या बाजूला आली. वर पन्नाशीचा, सुकलेल्या अंगाचा, कानाला गमछा गुंडाळलेला माणूस. हँडलला कापडात बांधलेला डबा लटकत होता. चष्मा आणि पोट असलेल्या प्रत्येकाला हा माणूस बाबूजी म्हणतो, हे मला पुढे कळलं.

"म्हणजे काय?" मी जरा घुश्श्यातच विचारलं.

"तुमच्या सायकलीले मांगं काईच नाई जी. ना मडगाड, ना लाल काच. समोरून तुमी नवरदेवावानी दिसून राह्यले, पन मांगून तुमी नाईच."

"ही बाहेरच्या देशातली सायकल आहे," मी म्हणालो. काय बोलावं ते सुचलं नाही की माणूस असलंच काहीतरी बोलतो.

"हाव जी. पन टरकवाला तं इथलाच आहे ना?"

एवढं बोलून तो पुढे निघून गेला आणि मला त्याची सायकल मागून दिसली. मागच्या मडगार्डचा खालचा वीतभर भाग पांढराशुभ्र रंगवलेला होता. लहानपणी सगळ्याच सायकलींना तो पांढरा पट्टा असायचा. तो कधी नाहीसा झाला, मला आठवेना. पार दूर वळणावर जाईपर्यंत तो पांढरा ठिपका दिसत राहिला, आणि मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडत राहिलो.

देवचंद गोंदियातल्या एका उसना तांदळाच्या मिलमध्ये धान उकडायच्या भट्टीवर होता. गाव बिरसीच्याही पलीकडे. जाऊन-येऊन तीस-बत्तीस किलोमीटर, पाऊस असो की धुवारी, म्हणजे धुकं. भट्टी विझवून चालत नाही, म्हणून रात्रपाळीच्या माणसाला आठच्या ठोक्याला सुट्टी द्यावी लागे. त्यात रविवार नाही, सण नाही. त्याच्या गावचे आणि आजूबाजूचे मिळून आठ-दहा जण सोबत निघत. एकामागे एक, जोडीनं कधीच नाही. देवचंद सगळ्यांत वडील, आणि तो कायम शेवटी. मी एकदा विचारलं, "तुम्ही म्हातारे, तुम्ही पुढे राहायला पाहिजे." तो म्हणाला, "मारनारा मांगून येते ना जी. पयला घाव कोनाले लागनार?"

दसऱ्याला मिलच्या फाटकाशी सायकली धुऊन, हार घालून उभ्या असत. पूजा झाली की देवचंद कडुलिंबाखाली पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन बसायचा. जो येईल त्याचं मडगार्ड आधी चिंधीनं पुसायचं, मग रंगवायचं. मिलचा असो, रस्त्यानं चाललेला दूधवाला असो, शाळेतली पोरगी असो. ब्रश त्याचा अगदी हळू चालायचा. घाई केली तर म्हणायचा, "थांब ना बाप्पा, मरनाची घाई आहे का?" आणि मग स्वतःच हसायचा. हा नेम त्यानं कधी धरला, तेही त्यानं सांगितलं होतं. तरुणपणी एका हिवाळ्यात धुवारीमध्ये तो स्वतःच पुढच्या माणसावर जाऊन आदळला होता, आणि त्या माणसाचा खांदा कायमचा निकामी झाला. "मले थो दिसलाच नाई जी. समोरचा आपुन पाहून घेतो, मांगचा आपल्या हातात नाई. आपला जीव मांगच्याच्या डोऱ्यात रायते."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचं काय झालं ते सांगणारच आहे.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. मी एकतीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात कारकुनी केली. शेवटी बडा बाबू होऊन निवृत्त झालो. मला एकच कला येते, अर्ज लिहिण्याची. 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हटलं की माझ्या बोटांना पाय फुटतात. निवृत्तीनंतर साखर वाढली, डॉक्टरांनी सायकल घ्यायला लावली, आणि मी त्यांच्या ग्रुपमध्ये आलो. डॉक्टर म्हणजे आमच्या ग्रुपचे अध्यक्ष. हाडांचे डॉक्टर, बोलण्यात अर्धं हिंदी, अर्धं मराठी, गोंदियात चालतं तसं. ग्रुपमध्ये व्यापारी, वकील, एक प्राध्यापक, दोन बँकवाले. दर रविवारी बिरसीपर्यंत जायचं, शिकाऊ पायलटांची छोटी विमानं डोक्यावर घिरट्या घालतात ती पाहायची, चहा-आलुबोंडा खायचा, फोटो काढायचे, परत यायचं. देवचंद एकदा म्हणाला होता, "तुमी सायकल चालोवता, आमी सायकलनं जातो." त्यात टोमणा नव्हता, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

त्या पहिल्या भेटीनंतर महिन्याभरात मी त्या बाहेरच्या देशातल्या सायकलीला मडगार्ड बसवलं आणि मिलवर जाऊन त्याच्यापुढे उभा राहिलो. ग्रुपमधले हसले. देवचंद हसला नाही. "आता तुमी झाले," म्हणाला. मग आमची ओळख वाढली. आठवड्यातून एखाद-दोनदा मी मुद्दाम सातला बिरसी रोडवर जायचो आणि त्यांच्या रांगेत शिरायचो. देवचंद मला आपल्या पुढे ठेवायचा. मागून त्याचं बोलणं चालूच असे: धानाला गर्भ धरला का, कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं, भट्टीवरचा नवा माणूस किती झोपतो. त्याचं तोंड मी क्वचितच पाहायचो, पण त्याचा आवाज मला माझ्या भावाच्या आवाजासारखा ओळखू यायला लागला होता.

त्याच वर्षी टीकाराम गेला. त्यांच्याच रांगेतला, पोतं शिवणारा. त्या दिवशी त्याला उशीर झाला म्हणून एकटाच निघाला आणि बिरसी रोडवर ट्रकनं त्याला मागून उडवलं. लोक म्हणाले, पिऊन असेल. देवचंदला ते फार लागलं. "पेऊन असता तं बरा झाला असता जी, त्याले काई समजला नसता. सकारी सात वाजता कोन पेते? थो डबा घेऊन चालला होता." त्यानंतर मिलच्या लोकांनी बिरसी रोड सोडला. नहराच्या पारीवरून, म्हणजे कालव्याच्या काठानं, एक अरुंद डांबरी रस्ता आहे, तीन किलोमीटर लांबचा. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. तिथे ट्रक येत नसत. रोजचे जास्तीचे सहा किलोमीटर पायांनी मारायचे आणि जिवंत पोचायचं, असा तो हिशेब होता. आमच्या ग्रुपमध्ये टीकारामबद्दल कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही, खोटं कशाला सांगू? एका रविवारी 'बिचारा' म्हणून आम्ही आलुबोंडा खाल्ला.

मग वर्षभरानं त्याच रस्त्यावर आमच्या डॉक्टरांना एका ट्रकचा धक्का लागला आणि त्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरचं हाड! सगळं गोंदिया भेटायला आलं. आणि आम्हाला एकाएकी कळलं की या शहरात सायकलवाल्याचा जीव धोक्यात आहे. ठरलं, निषेध फेरी काढायची.

बैठक डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या वरच्या हॉलमध्ये झाली. देवचंदला मीच बोलावलं. आमच्यात एक 'खरा सायकलवाला' असावा, असं डॉक्टरांचंही म्हणणं होतं. त्याला पुढे ठेवायचं, काळ्या सायकलसकट, म्हणजे फोटो चांगला येईल. तो कामावरून थेट आला. हातापायाला भट्टीची काजळी, अंगाला उकडलेल्या धानाचा वास. खुर्चीच्या कडेवर बसला आणि गमछा मांडीवर घडी करून ठेवला.

पहिला अर्धा तास प्राध्यापकांनी खाल्ला. 'निषेध' नको, 'जनजागृती' म्हणा, नाहीतर वरचे साहेब नाराज होतील. वकील म्हणाले, नाराज करायचंच आहे. त्यावर भांडण झालं, दोघं तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मग डॉक्टरांनी, हात गळ्यात अडकवलेला, आपली योजना सांगितली. रविवार, सकाळी सात ते नऊ. शहरातून बिरसीपर्यंत. दोनशे सायकली. पुढे बंदोबस्ताची जीप, मागे अ‍ॅम्ब्युलन्स. सगळ्यांना पांढरे टी-शर्ट. आणि तेवढे दोन तास त्या रस्त्यावरचे ट्रक बंद.

"मी बोलू का जी?" देवचंद म्हणाला.

"अरे, बोलो ना देवचंदभाऊ, तुम्हारे लिये तो सब है."

"टरक बंद करून टरकाचा निषेध कसा होते जी?"

कोणी हसलं. देवचंद थांबला, हसणं संपल्यावर पुढे बोलला, "सोमवारी या. सकारी सात वाजता. आमच्या संगं, एकामांगं एक, बिरसी रोडनं. टरक चालू राहू द्या. साहेब लोकाईले बाजूले उभे करा. पाहू द्या त्याईले, कसे जातो आमी थे."

"और किसी को लग गया तो?" डॉक्टर म्हणाले. "माझ्याबरोबर बायका येणार, बारा-तेरा वर्षांची मुलं येणार. त्यांना मी ट्रकपुढे घालू?"

हे काही चूक नव्हतं. डॉक्टर माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणतो आणि म्हणताना मला आजही राग येतो.

"पोराईले नोका आनू," देवचंद म्हणाला. "तुमी या. पंधरा जन आले तरी पुरे."

आम्ही बरोबर पंधरा-सोळा जणच बसलो होतो. कोणी खिडकीबाहेर पाहिलं, कोणी मोबाईल काढला. मी माझा चष्मा पुसला. एका बँकवाल्यानं सोमवारी ऑडिट आहे म्हणून सांगितलं, त्याला कोणी विचारलंही नव्हतं. देवचंदनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी त्याच्या रांगेत चाललेला माणूस होतो ना. मी पुन्हा चष्मा पुसायला लागलो.

विषय बदलावा म्हणून डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, अर्ज पढ के सुनाओ." मी उभा राहून वाचला. फार सुरेख अर्ज होता तो. त्यात हे वाक्य होतं: 'सदर कालावधीत सदर मार्गावरील अवजड वाहतूक पर्यायी मार्गाने वळविण्यात यावी, ही नम्र विनंती.'

"पर्यायी मार्ग मंजे कोनता जी?" देवचंदनं विचारलं.

"वो लोग देख लेंगे," डॉक्टर म्हणाले.

"ते बंदोबस्तवाले ठरवतात," मी म्हणालो.

आता खरं सांगतो. एकतीस वर्षं त्या नहराचे नकाशे माझ्या कपाटात होते. बिरसी रोड बंद केला तर ट्रक जाईल असा त्या भागात दुसरा एकच डांबरी रस्ता आहे, नहराच्या पारीचा. हे मला माझ्या घरच्या पायऱ्यांसारखं माहीत होतं. त्या क्षणी ते माझ्या मनात आलं की नाही? आलं. पण कारकुनाच्या हाताला एक सवय असते. अर्जात गावाचं, रस्त्याचं, माणसाचं नाव शक्यतो घालायचं नाही. नाव आलं की हरकत येते, हरकत आली की फाईल अडते. 'सदर', 'संबंधित', 'पर्यायी' लिहिलं की कागद सुळकन जातो. याच कसबावर मी बडा बाबू झालो होतो. मी कागदाची घडी केली आणि खाली बसलो.

मग टी-शर्टचा नमुना फिरला. पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'आमचा जीव तुमच्या डोळ्यांत!' देवचंदचं वाक्य मीच डॉक्टरांना कधीतरी सांगितलं होतं. देवचंदनं टी-शर्ट हातात धरला, उलटा-सुलटा केला. त्याला वाचता येत होतं, सावकाश. "हा तं माह्या बोलना होये," तो म्हणाला. "पन मी 'मांगच्याच्या' म्हनलो होतो. तुमच्या मांगं तं दवाखान्याची गाडी रायते."

टी-शर्ट त्यानं घडी करून टेबलावर ठेवला. "मी येत नाई जी. भट्टी रईवारी बी चालते. मी आपल्या रस्त्यानं जाईन."

खाली उतरल्यावर फाटकाशी त्यानं माझ्या सायकलीचं मडगार्ड अंगठ्यानं घासून पाहिलं. मला वाटलं, आता हा मला काहीतरी सुनावणार. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "रंग उडून राह्यला बाबूजी. येजा एखाद दिशी मिलवर, मारून देतो." आणि गेला.

परवानगी आठवड्यात आली. माझा अर्ज कधी अडला नाही.

फेरीचा दिवस थंडीचा होता, पण लख्ख ऊन पडलं होतं. दोनशे म्हणालो होतो, अडीचशे आले. ढोल होता. पोरं खूश होती. बिरसी रोड मी आयुष्यात एवढा मोकळा पाहिला नव्हता. एक ट्रक नाही, ट्रॅक्टर नाही. आम्ही चार-चार जण बाजूबाजूनं चालत होतो, गप्पा मारत, घोषणा देत. त्या घोषणा ऐकायला दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे बांध होते. आमच्या पाठीवरची अक्षरं वाचायला मागे फक्त अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता. देवचंद बोलला तसंच झालं, असं वाटून मला थोडं हसूही आलं.

बिरसीच्या अलीकडे असताना मागून भोंगा वाजला. अ‍ॅम्ब्युलन्स वळली आणि शेताच्या कच्च्या वाटेनं धूळ उडवत निघाली. फेरी थांबली. डॉक्टरांनी, गळ्यात हात, जीपवर चढून मागे पाहिलं. "किसको हुआ? आपले सगळे आहेत ना?" पुढून मागे विचारणा झाली, मागून पुढे उत्तर आलं. चक्कर कोणाला आली नव्हती, पडलं कोणी नव्हतं. "आपले सगळे आहेत!" डॉक्टर ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग आम्ही पुढे निघालो.

ती वाट नहराकडे जाते.

पुढचं मला मिलच्या माणसांनी सांगितलं. सातपासूनच पारीवर ट्रक यायला लागले होते. धानाच्या हंगामातले, भरलेले, एकामागे एक. मिलची रांग नेहमीप्रमाणे निघालेली. एका मोरीपाशी समोरासमोर दोन ट्रक आले. दोघांना जागा नाही. देवचंदनं सगळ्यांना उतरवलं, एकेकाला ट्रकच्या बाजूनं सायकल उचलून पुढे काढलं. "व्हा समोर, व्हा समोर," म्हणत होता. स्वतः शेवटी राहिला. त्याचा नेमच तो. तेवढ्यात त्याच्या पुढचा ट्रक वाट द्यायला मागे यायला लागला. त्याचा क्लीनर समोरून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरशी भांडायला उतरला होता. मागे पाहायला कोणी नव्हतं. देवचंदच्या पाठीला मोरीचा कठडा होता.

ड्रायव्हर पळाला नाही, म्हणतात. तिथेच बसून रडत राहिला.

बिरसीला आमचे फोटो चालू असताना मला फोन आला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा देवचंद होता अजून, पण बोलत नव्हता. गमछा कोणीतरी त्याच्या छातीवर ठेवला होता. दुपारच्या आत गेला. मी त्या दाराशी उभा होतो आणि मला पाठीमागे कसलीशी शांतता जाणवली. मिलची सात-आठ माणसं माझ्या मागे उभी होती. मी वळून पाहिलं. ते माझी पाठ वाचत होते. टी-शर्ट माझ्या अंगावर तसाच होता, अक्षरं मोठी होती, आणि वाक्य कोणाचं ते त्यांना माहीत होतं. कोणी शिवी दिली नाही. मी सरकत सरकत भिंतीला पाठ लावली आणि लोक पांगेपर्यंत तसाच उभा राहिलो. अशी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

पेपरात फेरीचा फोटो आला, चार कॉलमी. देवचंदची बातमी दुसऱ्या पानावर होती, 'नहराजवळ अपघातात मजूर ठार'. दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे, असं कोणी लिहिलं नाही. डॉक्टर रडले, मी पाहिलं आहे. खोटं रडले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांनी बैठक बोलावली आणि म्हणाले, देवचंदभाऊच्या नावानं स्मृतिफेरी काढू, दरवर्षी. या वेळी प्राध्यापक, वकील, सगळ्यांचं एकमत झालं. ज्या माणसाचं जिवंतपणी एक वाक्य पुरतं ऐकवलं नाही, त्याच्यावर सगळ्यांचं एकमत! "बाबूजी, अर्ज तुम्ही लिहा. आणि वहिनींकडून एक चांगला फोटो घेऊन या."

मी गेलो. फोटोसाठी नाही, म्हणजे फोटोचं निमित्त होतं. पारीवरून सायकलनं गेलो. मोरीचा कठडा एका ठिकाणी खरचटलेला होता. ट्रक एकही नव्हता. तो एक रविवार सोडला तर तिथे ट्रक आला नाही.

देवचंदची बायको पारबताबाई अंगणात धान पाखडत होती. सायकल भिंतीला टेकलेली. पुढचं चाक चेपलेलं, हँडल वाकडं, मागचं मडगार्ड मात्र जसंच्या तसं, पांढरं. तिनं मला बसायला बाज दिली, पाणी दिलं. "थो तुमचं नाव घे जी," म्हणाली. "बाबूजी आमच्या लाइनीत चालते म्हने." मी खाली पाहिलं. स्मृतिफेरीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं.

"थ्या दिसचा अर्ज तुमीच लिवला होता म्हंतेत. काय लिवला होता?"

अर्ज मला पाठ होता. माझे सगळे अर्ज मला पाठ असतात. मी ते वाक्य म्हणून दाखवलं. अंगणात ते फार विचित्र ऐकू आलं.

"पर्यायी मंजे कोनता?"

तोच प्रश्न, तशाच आवाजात. त्यानं घरी सांगितलं असणार. या वेळी 'वो लोग देख लेंगे' म्हणायला डॉक्टर बाजूला नव्हते.

"नहराचा," मी म्हणालो.

"तुमाले मालूम होता?"

"हो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मी पाय धरले असते. राग नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"मंग नाव काऊन नाई लिवला जी? थ्या दिशी यानं तुमाले इचारला बी. नाव सांगतला असता तं थो नहरानं गेलाच नसता. बिरसी रोडनं आला असता. खालीच होता म्हंतेत थो रोड."

खालीच होता. चार-चार जण बाजूबाजूनं चाललो होतो आम्ही, तरी अर्धा रस्ता रिकामा उरला होता.